१०.६ अब्जांवरून ०.९ अब्जांवर: अलास्कातला एक तेल-अंदाज आणि सहसंबंधाचा प्रश्न

अमेरिकेची सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था यूएसजीएस हिने २००२ साली अलास्काच्या उत्तर टोकावरच्या एका मोठ्या तुकड्याचा अंदाज जाहीर केला. इथे न सापडलेलं, पण काढता येण्याजोगं तेल सरासरी १०.६ अब्ज बॅरल असावं, असं त्यात म्हटलं होतं. २०१० साली याच संस्थेने जवळपास त्याच तुकड्याचा नवा अंदाज दिला: ८९.६ कोटी बॅरल, म्हणजे एक अब्जसुद्धा नाही. मग डिसेंबर २०१७ मध्ये तिसरा अंदाज आला. त्यात या भागातल्या आणि लगतच्या जमिनीतल्या फक्त दोन खडकसमूहांतच ८.७ अब्ज बॅरल तेल दाखवलं होतं.

जमीन तीच, संस्था तीच, आणि बरेचसे भूशास्त्रज्ञही तेच. कोणाला वाटेल की ही मंडळी पत्ते पिसून आकडे काढतात. तसं नाही. या तिन्ही आकड्यांमागे अत्यंत काटेकोर काम आहे. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणाने. एकमेकांशी बांधलेल्या, म्हणजे सहसंबंध असलेल्या, भूशास्त्रीय गोष्टी अंदाजात कशा धराव्यात, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला आजवर मिळालेलं नाही.

जागेबद्दल थोडं सांगतो. या तुकड्याचं नाव नॅशनल पेट्रोलियम रिझर्व्ह इन अलास्का, एनपीआरए. १९२३ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी नौदलाच्या जहाजांसाठी तेलाचा राखीव साठा म्हणून तो वेगळा काढला आणि १९७६ मध्ये तो नौदलाकडून अंतर्गत व्यवहार खात्याकडे गेला. क्षेत्रफळ सुमारे २.३ कोटी एकर, म्हणजे आपल्या बिहारएवढं. एवढ्या प्रदेशात विहिरी विरळ आहेत, त्यामुळे जिथे विहीर नाही तिथे भूशास्त्रज्ञाला शेजारच्या माहितीवरून तर्क करावा लागतो.

२००२ मध्ये हा तर्क कुठून येत होता, ते सहज कळतं. एनपीआरएच्या पूर्व सीमेला लागून, कोलव्हिल नदीच्या मुखाशी, १९९४ मध्ये अल्पाइन हे क्षेत्र सापडलं होतं. ज्युरासिक काळातला वालुकाश्म, हलकं आणि चांगल्या प्रतीचं तेल, साठा चाळीस कोटी बॅरलच्या पुढचा, आणि नोव्हेंबर २००० पासून उत्पादनही सुरू. ज्या थरांत अल्पाइन सापडलं ते पश्चिमेकडे एनपीआरएच्या आत पसरत जातात. सीमेच्या एका बाजूला तेल असेल तर दुसऱ्या बाजूलाही असणार, हे म्हणणं अगदी वाजवी होतं.

आता त्या अंदाजाची रुंदी पाहू. सरासरी १०.६ अब्ज. किमान ६.७ अब्ज असण्याची शक्यता ९५ टक्के, आणि १५.० अब्ज किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता ५ टक्के. हा पट्टा ढोबळमानाने घंटेच्या आकाराचा धरला तर प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप, येतं सुमारे २.५ अब्ज. या हिशेबाने २०१० चा आकडा सरासरीच्या खाली जवळजवळ चार प्रमाण विचलनांवर जातो. म्हणजे २००२ च्या पट्ट्यावर शब्दशः विश्वास ठेवणाऱ्याला २०१० ही हजारो वेळांत एकदा घडणारी गोष्ट वाटली असती.

२०१० चा आकडाही अंदाजच आहे, जमिनीखालचं सत्य नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही एवढी घसरण पट्ट्याच्या इतक्या बाहेर पडते तेव्हा सरासरीइतकाच पट्टाही तपासावा लागतो.

असे पट्टे अरुंद होतात ते बेरजेत. अंदाज एका आकड्याचा नसतो. प्रदेशाचे 'प्ले' पाडतात, म्हणजे एकाच प्रकारचा सोर्स रॉक (ज्यात तेल तयार होतं तो खडक), रिझर्व्हॉयर (ज्यात ते साठतं तो सच्छिद्र खडक) आणि ट्रॅप (ते अडवून धरणारी रचना) असलेले गट. एनपीआरएमध्ये असे वीसहून जास्त होते. प्रत्येक प्लेचा स्वतंत्र अंदाज काढायचा आणि मग सगळे जोडायचे. या जोडण्यात प्ले एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते आणि एकूण पट्टा आकसतो. देवगडात माझ्या दहा आंबाबागा असतील तर एकीला करपा लागला तरी दुसरी तारून नेईल, असा हा हिशेब. मोहराच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस आला की दहाही बागा एकदम झोपतात, हे त्या हिशेबात नसतं.

एक गणिती बारकावा इथेच सांगतो, कारण यात भल्याभल्यांची गल्लत होते. बेरजेत सहसंबंधाने सरासरी बदलत नाही. दहा प्लेंच्या सरासरींची बेरीज हीच बेरजेची सरासरी. बदलते ती फक्त रुंदी. गुणाकारात मात्र सरासरीही बदलते. एका प्रॉस्पेक्टमधलं, म्हणजे विहिरीसाठी हेरलेल्या एका जागेतलं, तेल मोजताना आपण खडकाचं आकारमान, त्यातला उपयोगी थराचा वाटा, सच्छिद्रता (खडकातल्या मोकळ्या जागेचं प्रमाण) आणि तेलाची संपृक्तता (त्या जागेतला तेलाचा वाटा) यांचा गुणाकार करतो. खडक जास्त सच्छिद्र असेल तर त्याच्या बारीक नळ्यांत पाणी कमी अडकतं आणि तेलाला जागा जास्त मिळते. म्हणजे सच्छिद्रता आणि तेलाची संपृक्तता बहुधा एकत्रच वर जातात.

समजा, दोन्हींची अनिश्चितता त्यांच्या सरासरीच्या २० टक्के आहे आणि सहसंबंध ०.७ आहे. तर या दोघांच्या गुणाकाराची सरासरी सुमारे ३ टक्क्यांनी वाढते आणि पसारा सरासरीच्या २९ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर जातो. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, पण यावर रात्री जागवण्याचीही गरज नाही. एका प्रॉस्पेक्टमध्ये खरी अनिश्चितता बहुतेक वेळा खडकाच्या आकारमानात असते, आणि ट्रॅपची चूक सच्छिद्रतेच्या चुकीला सहज गिळून टाकते. प्रशिक्षणांत मात्र सगळा वेळ याच जोडीवर जातो. कारण सोपं आहे: तिचा आलेख छान निघतो.

अशाच एका कार्यशाळेतला प्रसंग. माँटे कार्लोची, म्हणजे यादृच्छिक आकडे घेऊन हजारो फेऱ्या चालवणाऱ्या हिशेबाची, शीट पडद्यावर उघडी होती. नवीन आलेल्या मुलीने विचारलं, "सर, को-रिलेशन किती टाकू?" समोरचे अनुभवी भूशास्त्रज्ञ चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "०.५ धरा." "कशावरून?" "शून्य चुकीचं वाटतं, एक जास्त वाटतं." सगळे हसले आणि ०.५ टाकलं गेलं. मीही तेव्हा हसलो होतो. नंतर लक्षात आलं की त्यांच्या उत्तरापेक्षा आमचा प्रश्नच चुकीचा होता. सहसंबंधाचा गुणांक ही भूशास्त्रज्ञाला दिसणारी गोष्ट नाही. त्याला दिसतात थर, त्यांचं वय आणि ते किती खोल गाडले गेले ते.

परत अलास्काकडे. २००० नंतर एनपीआरएमध्ये, मुख्यतः ईशान्य भागात, तीसहून जास्त शोधविहिरी झाल्या. त्रिमितीय सिस्मिक, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेलं जमिनीखालचं चित्र, तेही आलं. बऱ्याच विहिरींत हायड्रोकार्बन (तेल किंवा गॅस) लागलं, म्हणजे रूढ अर्थाने त्या कोरड्या नव्हत्या. पण लागलं ते बहुतांशी गॅस आणि कंडेन्सेट (गॅसबरोबर येणारा हलका द्रव). अल्पाइनच्या पश्चिमेला जेमतेम १५ ते २० मैलांवर, म्हणजे सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर, तेल अचानक संपून गॅस सुरू होतो, असं चित्र उभं राहिलं. पुणे ते तळेगाव एवढंच अंतर. त्याच पट्ट्यात अल्पाइन वालुकाश्माचा दर्जाही खालावत जातो, हेही दिसलं. गॅस २००२ च्या अंदाजातही होताच, सुमारे ६० लाख कोटी घनफूट. २०१० मध्ये तो ५३ लाख कोटी झाला. तेल कमी होऊन त्याची जागा गॅसने घेतली, तर गॅसचा आकडा वाढायला हवा होता. तसं झालं नाही. द्रवाचा प्रकार आणि खडकाचा दर्जा, दोन्ही एकदमच वाईट बाजूला गेले होते.

दोन गोष्टी एकदम वाईट बाजूला जातात तेव्हा दोघींच्या वर एखादी तिसरी गोष्ट आहे का, ते पाहायचं. इथे अशी एक संशयित आहे: खोली. आजची नव्हे, थर आयुष्यात कधीतरी जास्तीत जास्त जितका खोल गेला ती.

सोर्स रॉकमधून तेल निघतं ते साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात. त्यापुढे खडक जास्त शिजला की गॅसचं प्रमाण वाढत जातं. वालुकाश्म जितका खोल जातो तितके त्याचे कण दाबले जातात, मधल्या जागा सिमेंटसारख्या खनिजांनी भरतात आणि सच्छिद्रता घटते. एकच कारण, दोन परिणाम. याला जोड मिळते उचलीची. उत्तर अलास्कातले थर खोल गाडले गेल्यावर बराच काळ उचलले गेले आणि वरचा भाग झिजून गेला. दाब उतरला की तेलात विरघळलेला गॅस बाहेर पडतो आणि फुगतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर होतं तेच, फक्त इथे बाटली बंद असते. फुगलेला गॅस ट्रॅपच्या माथ्यावर बसतो आणि तेलाला खाली ढकलत काठावरून बाहेर काढतो. हे एका ट्रॅपपुरतं मर्यादित राहत नाही. सगळा पट्टा एकत्र उचलला गेला असेल तर सगळ्या ट्रॅपांत हेच घडण्याची भीती असते.

म्हणून शीटमध्ये 'सच्छिद्रता–द्रव: सहसंबंध ०.५' असं लिहिण्याऐवजी वरच्या पातळीवर एक रकाना उघडावा: कमाल गाडखोली. तिच्यापासून सच्छिद्रता काढायची, तिच्यापासून शिजण्याची पातळी काढायची आणि तिथून तेल की गॅस याची शक्यता. माँटे कार्लोच्या प्रत्येक फेरीत खोली एकदाच निवडायची आणि तीच सगळ्या प्लेंना लावायची. मग सहसंबंध बाहेरून कोंबावा लागत नाही, तो आपोआप येतो.

हे किती फरक पाडतं, ते एका साध्या हिशेबात बघू. हा माझा शिकवायचा हिशेब आहे, यूएसजीएसचा नाही. समजा दहा प्ले आहेत. प्रत्येकात तेल निघालं तर एक अब्ज बॅरल, गॅस निघाला तर शून्य. प्रत्येकात तेल असण्याची शक्यता ७० टक्के. सरासरी एकूण सात अब्ज.

प्ले स्वतंत्र धरले तर दहापैकी तीन किंवा त्याहून कमी प्लेंमध्ये तेल असण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. अशी शीट पाहिलेला अधिकारी रात्री शांत झोपतो.

आता एक प्रादेशिक स्विच घालू, म्हणजे सगळ्या प्लेंना एकदमच लागू होणारी एक स्थिती. शक्यता ७० टक्के, की प्रदेश तेलाला अनुकूल. तेव्हा प्रत्येक प्लेला तेलाची शक्यता ९० टक्के. शक्यता ३० टक्के, की सगळा पट्टाच गॅसकडे झुकलेला. तेव्हा प्रत्येक प्लेला तेलाची शक्यता सुमारे २३ टक्के. गुणून बघा, एकट्या प्लेची शक्यता अजूनही ७० टक्केच राहते आणि सरासरीही सात अब्ज. पण तीन किंवा कमी प्लेंमध्ये तेल निघण्याची शक्यता आता सुमारे २४ टक्के. शेकडा एकावरून जवळपास चारात एक. प्रमाण विचलन दीड अब्जावरून सव्वातीन अब्जांवर.

या रचनेत दोन प्लेंमधला सहसंबंध सुमारे ०.४४ निघतो. कार्यशाळेतल्या '०.५ धरा' च्या अगदी शेजारी, हे गमतीशीर आहे. पण ०.४४ हा आकडा कोणाही भूशास्त्रज्ञाला विचारून आला नसता. त्याला विचारायचे ते हे: पट्टा गॅसकडे झुकलेला असण्याची शक्यता किती? आणि तसा झुकलेला असेल तर तुझ्या या प्लेत तरीही तेल उरण्याची शक्यता किती? याची उत्तरं तो देऊ शकतो, कारण ती खडकाबद्दल आहेत.

स्विचचा आणखी एक फायदा विहीर खोदायला लागल्यावर दिसतो. वरच्या उदाहरणात पहिल्या प्लेच्या विहिरीत गॅस लागला. प्ले स्वतंत्र धरले असते तर दुसऱ्या प्लेची शक्यता ७० टक्केच राहिली असती. स्विच असेल तर ती ३९ टक्क्यांवर येते. दुसऱ्यातही गॅस लागला तर तिसऱ्याची २६ टक्क्यांवर. पहिल्या दोन विहिरींनी उरलेल्या आठ प्लेंचा अंदाज निम्म्याहून खाली आणला. एनपीआरएमध्ये २००० नंतरच्या दशकात प्रत्यक्षात घडलं ते याच जातीचं होतं. विहिरी मुख्यतः ईशान्य भागात होत्या, पण आकडा सगळ्या बिहारएवढ्या प्रदेशाचा घसरला.

उलटी चूकही तितकीच मोठी आहे, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत तीच जास्त दिसते. प्रत्येक प्लेचा ९५ टक्क्यांचा खालचा आकडा घेतला, सगळे जोडले आणि सांगितलं, 'हा आपला किमान अंदाज'. अशी बेरीज करणं म्हणजे सगळे प्ले शंभर टक्के एकमेकांना बांधलेले आहेत असं गृहीत धरणं. म्हणजे सगळेच एकाच दिवशी, एकाच प्रमाणात वाईट निघतील. तसंही होत नाही. उथळ थरातला प्ले आणि तीन किलोमीटर खाली असलेला प्ले एकाच सोर्स रॉकवर पोसले गेले असले, तरी त्यांचे सील (तेल वर निसटू न देणारे थर) वेगळे आणि ट्रॅप वेगळे असतात. म्हणून एकच भला मोठा स्विच पुरत नाही. सोर्स रॉक आणि चार्ज (तेल तयार होऊन ट्रॅपपर्यंत पोहोचणं) हे प्रदेशाच्या पातळीवर, रिझर्व्हॉयर प्लेच्या पातळीवर, ट्रॅप आणि सील बहुतेक वेळा प्रॉस्पेक्टच्याच पातळीवर. कोणती अनिश्चितता कोणत्या पातळीवर ठेवायची, याच्या निर्णयातच सगळं काम असतं. त्यानंतरची माँटे कार्लो कोणीही चालवतं.

चार्जचं बंधन चांगल्या बाजूनेही काम करतं, आणि हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम जहाजाने बॉम्बे हायला तेल शोधलं. त्या एका विहिरीने या समुद्राखाली तेल तयार झालं आणि ते ट्रॅपपर्यंत पोहोचलं, हा प्रश्न निकाली काढला. पुढच्या दोन वर्षांत वसई आणि पन्ना ही क्षेत्रं सापडली. प्रत्येकाला आपापला ट्रॅप सिद्ध करावा लागला, पण तेल तयार झालं की नाही याची परीक्षा त्यांना पुन्हा द्यावी लागली नाही.

अलास्कातही पुढे तसंच घडलं, आणि कोणी पाहत नव्हतं अशा जागी. ज्युरासिक थर निराश करत असताना त्यांच्या वर, क्रेटेशियस काळातले नानुशुक आणि टोरोक हे खडकसमूह होते. नानुशुकमध्ये तेल आहे हे नवीन नव्हतं. एनपीआरएच्या आग्नेय भागात उमियात इथे नौदलाने १९४६ मध्येच ते शोधलं होतं. पण ते लहान आणि उथळ, थोडं तर कायम गोठलेल्या जमिनीतलं. मोठ्या साठ्यांचा थर म्हणून नानुशुककडे फारसं कोणी बघत नव्हतं. २०१३ मध्ये एनपीआरएच्या बाहेर, पूर्वेला पिक्का हे तेलक्षेत्र सापडलं. २०१६ मध्ये एनपीआरएच्या आत विलोच्या विहिरी झाल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये कोनोकोफिलिप्स या तेल कंपनीने शोध जाहीर केला, तीस कोटी बॅरलचा. त्याच वर्षी पिक्काच्या सुमारे २० मैल दक्षिणेला हॉर्सशू. तिन्ही ठिकाणी जुन्या किनाऱ्याच्या कडेची वाळू शेलमध्ये, म्हणजे घट्ट चिखलाच्या खडकात, बंद झालेली होती, आणि ट्रॅप घुमटाचे नव्हते, थरांतच दडलेले होते. घुमट शोधणाऱ्या नजरेला ते दिसले नसते.

स्विच पुन्हा पडला, या वेळी वर. यूएसजीएसचा २०१७ चा आकडा नानुशुक आणि टोरोकपुरता आहे आणि लगतची राज्य व आदिवासी मालकीची जमीन धरून आहे, म्हणून तो २०१० च्या आकड्याशेजारी ठेवून थेट वजाबाकी करू नये. पण त्याच थरांच्या आधीच्या अंदाजाशी तुलना केली, तरी वाढ जवळपास सहापट आहे. तीन शोधांतलं तेल मोजून एवढा फरक पडत नाही. फरक पडला, कारण तीन शोधांनी मिळून न खोदलेल्या सगळ्या जागांची शक्यता बदलली.

आणि या नव्या आकड्याच्या आतही एक स्विच आहेच. पिक्का, हॉर्सशू आणि विलो, तिन्ही पूर्वेच्या टोकाला एकमेकांच्या शेजारी आहेत. ही वाळू आणणारी प्राचीन नदीमुखं पश्चिमेकडून पूर्वेकडे भरत गेली, त्यामुळे पश्चिमेची वाळू वयाने मोठी आहे. पूर्वेची कडेची वाळू जशी स्वच्छ आणि शेलमध्ये बंद आहे, तशीच पश्चिमेलाही आहे का? हा एक प्रश्न पश्चिमेकडच्या प्रत्येक प्रॉस्पेक्टला सारखाच लागू आहे. माझ्या शीटमध्ये तो सगळ्यात वरच्या ओळीत आहे, आणि त्याच्यासमोर मी अजून ५० टक्के लिहून ठेवलं आहे. पश्चिमेला पहिली चांगली विहीर झाली की खालची सगळी पानं पुन्हा मोजावी लागतील.